करंगळीला सुट्टी

टिंव... टिंव...

दारावरची चिमणीबेल वाजली, तीही अर्धीच. सेल संपत आले होते. पण वर्तकनगरच्या त्या दोन खोल्यांत दुपारी दोन वाजता एवढा आवाजही दचकवायला पुरेसा होता. मालू बालवाडीतून यायला अजून तास होता. ती येईपर्यंत या घरात कुणी बोलत नसे. बोलणार तरी कुणाशी?

सुमेधाने दार उघडलं. सावळा, उंच तरुण. खांद्याला बॅग, हातात चिठ्ठी.

"चोवीस नंबर बिल्डिंग हीच ना?"

"ही बेचाळीस."

"च्यायला... सॉरी. तीन जिने फुकट चढलो." तो वळला, आणि वळता वळता थांबला. तिच्या खांद्यावरून त्याला टेबलावरचा कॉम्प्युटर दिसला होता. काळा पडदा, त्यावर एकच पांढरी ओळ. "हा कधीपासून असा?"

"चार दिवस झाले. सुरू होत असताना मीच मध्ये बटण बंद केलं... तुम्ही कॉम्प्युटरचं काम करता?"

"तेच करतो. चंदू. चेंदणी कोळीवाड्यातला." दारावरची पाटी त्याने वाचली : सुधीर वि. कर्णिक. "कर्णिक म्हणजे माझ्या आयची गिऱ्हाइकं असणार. कायस्थांच्या आळीतून तिची मासळीची टोपली कधी भरलेली परत आली नाय."

सुमेधाला हसू आलं. आणि ते आलं याचंच तिला नवल वाटलं. सुधीर गेल्यापासून घरात मासळी आली नव्हती. दीड माणसासाठी कोण पापलेट आणतं?

"आधी एक जण बघून गेला," ती म्हणाली. "म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल. सगळं पुसून नव्याने विंडोज. मी नको म्हटलं."

"का?"

तिने डावा हात पुढे केला. करंगळी लहानपणी दारात चेंगरलेली, तेव्हापासून वाकायची नाही. प्रकाशकांची हस्तलिखितं घरी टाइप करून द्यायची, त्यावर तिचं आणि मालूचं चालायचं. आणि मराठी टायपिंगचा तो प्रोग्राम तिच्या नवऱ्याने महिनाभर बसून तिच्यापुरता बदलला होता. करंगळीच्या वाट्याची सगळी अक्षरं उचलून दुसऱ्या बोटांना वाटून टाकली होती. "घे, करंगळीला कायमची सुट्टी," असं म्हणाला होता. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. त्या प्रोग्रामच्या फ्लॉप्या कपाटात राहिल्या, त्यांना बुरशी धरली. आता ती अक्षरं होती फक्त या बंद मशीनमध्ये... आणि तिच्या नऊ बोटांत.

चंदूने त्या करंगळीकडे पाहिलं. मोडक्या वस्तूकडे लोक पाहतात तसं नाही. नीट ठेवलेल्या वस्तूकडे पाहावं, तसं.

"पुसायची गरज नाय," तो हळूच म्हणाला. "आहे त्या विंडोजवर परत विंडोज चढवता येते. प्रोग्राम जागच्या जागी राहतात. चोवीस नंबर उरकून येतो."

तो आला तेव्हा मालू आली होती. पाच मिनिटांत ती त्याच्या बॅगेतले स्क्रू रंगांप्रमाणे लावायला बसली.

"मॅडम, ही तुमची असिस्टंट मला देऊन टाका."

"मॅडम नका हो म्हणू."

"मग काय म्हणू? ताई..." तो सीडी पुसत राहिला. "ताई म्हणवत नाय."

सुमेधा उगाचच पदर सारखा करत उठली आणि चहा ठेवून आली.

काम सुरू झालं. कॉम्प्युटरच्या डब्यातल्या धुळीने हात काळे झाले म्हणून तो मोरीत हात धुवायला गेला, आणि नेमका तेव्हाच पडद्यावर प्रश्न आला : विंडोज जुन्याच फोल्डरमध्ये टाकायची, की दुसऱ्या? सुमेधाला वाटलं, जुन्यात टाकली तर सुधीरचं सगळं नव्याखाली गाडलं जाईल. नको. त्याला हात नको लागायला. तिने 'दुसऱ्या'वर जाऊन एंटर मारलं, आणि चंदू आल्यावर काही बोलली नाही.

तासाभराने विंडोज उघडली. नवीकोरी, स्वच्छ, रिकामी. टायपिंगचा प्रोग्राम कुठेच नव्हता. चंदूने तो शोधून काढला, पण चालवायला गेलं की तक्रारीची चौकट यायची. त्याच्या कपाळावर आठी पडली. मग नवी विंडोज बसली होती त्या फोल्डरचं नाव त्याने वाचलं, आणि तिच्याकडे पाहिलं.

"मीच," ती म्हणाली. "मला वाटलं, जुनं तसंच राहील..."

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. त्याने फक्त खुर्ची थोडी तिच्याकडे सरकवली.

"जुनं तसंच आहे. काहीच गेलेलं नाय. पण वेगळ्या फोल्डरात बसलेल्या विंडोजला त्यातलं काही माहीतच नसतं. त्यातच बसली ना, की सगळ्या जुन्या नोंदी तिला मिळतात. मग ती सांभाळून घेते." तो उठला. "उद्या परत करू. आज तुम्ही दमलायत."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा सुमेधाने अबोली रंगाची साडी नेसली होती. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही. पडद्यावर तोच प्रश्न आला आणि चंदूने हात मागे घेतला.

"तुम्ही मारा एंटर."

"आणि जुन्याला धक्का लागला तर?"

"शंभर टक्के कोणीच सांगू नाय शकत. पण मी इथं बसलोय ना."

तिने जुन्या फोल्डरवर एंटर मारलं. निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. दोघं शेजारी बसून तिच्याकडे बघत राहिले. मालू मध्येच येऊन "अजून किती?" विचारून जायची. सुमेधाच्या ध्यानात आलं — कुणाशी न बोलता, पण एकटं न वाटता, ती किती दिवसांनी अशी बसली होती...

प्रोग्राम उघडला. पहिल्या दमात.

"टाका काहीतरी," तो म्हणाला.

बोटं आपोआप जागेवर गेली. करंगळी बाजूला, निवांत. काय टाकावं सुचेना, म्हणून समोर होतं तेच तिने टाकलं : चंदू. अक्षरं पडद्यावर उमटली, आणि तिचे डोळे भरून आले. सुधीरने मांडून दिलेल्या अक्षरांनी ती दुसऱ्याचं नाव लिहीत होती, आणि एकही अक्षर अडलं नव्हतं.

चंदू बराच वेळ ते नाव वाचत राहिला.

"मशीन तर बरी झाली," तो बॅग आवरत म्हणाला. "आता यायला कारण नाय उरलं. नसताना यावंसं वाटतंय, हीच पंचाईत आहे. माझ्या आयला सांगितलं तर टोपली घेऊन तीच येईल इथं." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "घाई नाय. तुम्ही बोलवलंत तरच येईन. नाय बोलवलंत, तरी समजेन."

"चहा घेऊन जा," एवढंच तिला म्हणता आलं.

"आज नको."

जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेली. दुसरा मजला... पहिला... तळमजला. मग घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. सुमेधा दाराला टेकून उभी राहिली. हाक मारायला अजून वेळ होता. तो खालच्या फाटकापर्यंत पोचला नसेल.

मालूने येऊन तिची साडी ओढली. कॉम्प्युटरकडे, मग दाराकडे पाहून तिने खूप विचार केला, आणि विचारलं,

"आई, चंदूकाका परत यायला हवे असतील, तर आता आपण काय बिघडवायचं?"