पालथ्या कपावरचा कोळसा

रोहाया नवस बोलली ती मशिदीत नव्हे, की कुणा पुण्यवंताच्या कबरीपाशीही नव्हे. रुळांशेजारच्या खडीवर फतकल मारून, लेकीला छातीशी कवटाळून बोलली. समोरून कोळशाची गाडी अजून जातच होती आणि तिच्या चाकांखाली लिस्माच्या सायकलचा पापड झाला होता.

लिस्मा तेव्हा शाळकरी पोर. घरी येताना सायकलचं चाक रुळांच्या फटीत अडकलं. गाडी आली तरी पोर सायकल सोडीना. शेवटी फाटकावर पहारा देणाऱ्या सारनुबी वाकने, म्हणजे सारनुबीकाकाने, दप्तराच्या पट्ट्याला धरून तिला मागे फेकलं. आणि ही रडत होती ती सायकलसाठी!

"गप बस!" सारनुबी तिच्यावर खेकसला. "सायकल दुकानात मिळते. डोकं कुठल्या दुकानात मिळतं, ते सांग!"

ते ऐकून रोहायाला हसूही आलं आणि रडूही. तिथेच अल्लाहला साक्षी ठेवून ती बोलून गेली, "जोवर हा माणूस या फाटकावर उभा आहे, तोवर रोज रात्री इशाच्या नमाजेनंतर याची कॉफी माझ्या घरून येईल."

दामहुरी वाक ही गोष्ट नेहमी इथूनच सुरू करतो. तालांग पाओह गावच्या फाटकालगत त्याचं कॉफीचं दुकान आहे. गावात कुणालाही विचारा, दुकान दामहुरीचं असलं तरी चालतं ते गाडीमुळे, असंच सांगतील. गाडी आडवी थांबली की माणसं दुकानात येतात. अशाच एका रात्री गाडी आडवी थांबली होती. खाणीतली पाळी संपवून आलेली तिघं पोरं मोटारसायकली लावून उभी होती आणि त्यांच्यातला जोनली, हेल्मेट काखेत घेऊन, मालगाडीच्या दोन वाघिणींच्या मधली जागा न्याहाळत होता.

"वाक, गाडी राहू दे तुमच्या दारात. खालून सरपटलो की झालो पलीकडे. भूक लागलीय."

"बस," दामहुरी म्हणाला. "आधी कॉफी घे. भुकेने कुणी मेल्याचं या फाटकावर तरी मी पाहिलं नाही."

मग त्याने रोहायाचा नवस सांगितला आणि पुढची गोष्टही सांगितली. ती अशी.

फाटक म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. तिथे फाटक कधीच नव्हतं. होता तो सारनुबीने स्वतः बांधलेला बांबू, एक लाल फडकं गुंडाळलेला कंदील, आणि नाणी टाकायला रंगाचा रिकामा डबा. जाणारा-येणारा त्यात मन मानेल ते टाकायचा. कुणी दोन हजार रुपियांची नोट टाकली, तर सारनुबी ती कंदिलापुढे धरून पाहायचा आणि म्हणायचा, "खरी आहे! मग तू खोटा असशील."

जिभेने असा, पण फाटकावर करडा. गाडी उभी असताना कुणी खालून जायला वाकलं, की त्याची काठी पाठीत बसलीच. सायकलच्या त्या गोष्टीनंतर त्याने एक केलं. चिरडलेल्या चाकाची ट्यूब कापून आपल्या फाटक्या गमबुटाला ठिगळ लावलं. डाव्या पायाला. "लिस्माची सायकल आता मी चालवतो," असं तो सगळ्यांना सांगायचा.

रोहाया रोज रात्री थर्मास घेऊन जायची. सेमेंदोच्या डोंगरातली काळी कॉफी, कधी सोबत केळीच्या पानात नारळाच्या दुधातला चिकट भात. सारनुबी उभ्याउभ्याच कॉफी प्यायचा, कप बांबूच्या खुंटावर पालथा घालायचा आणि वर कोळशाचा एक खडा ठेवायचा. नाहीतर गाडीच्या वाऱ्याने कप कुठच्या कुठे जाई. सकाळी रोहाया तो खडा उचलायची, बाजूला ठेवायची, कप घरी न्यायची. सगळं असं नेमाने चाललेलं. लिस्मा मोठी झाली, हेरियानशी तिचं लग्न झालं, तरी थर्मास काही चुकला नाही.

मग एका पावसाळ्यात सारनुबीला ताप आला आणि तो गेला. घरात, अंथरुणावर, मुलाबाळांत. गाडीखाली नाही, काही नाही. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेलाही रोहायाने कॉफी नेली. परत येताना तिने इमामसाहेबांना विचारलं, "माझ्या नवसाचं आता काय?"

"माणूस गेला, नवस फिटला," ते म्हणाले. शहाणपणाचंच बोलले. कुणीही हेच म्हटलं असतं.

रोहायाने थर्मास धुतला, पुसला, फळीवर ठेवला. तरी इशाची नमाज झाली की तिचे हात आपसूक चुलीकडे वळत. मग ती ते पदराला पुसायची नि बसून राहायची.

फाटकावर दुसरा कुणी आला नाही. बांबू गवतात पडला, त्याचा खुंट तेवढा उभा राहिला. आणि गाड्या मात्र वाढल्या. आधीच काय कमी होत्या! आता तर एक गेली की दुसरी. समोर सिग्नल नसला की तिथेच, रस्त्यावर आडवी पडून राहायची, तोंड कुठे नि शेपूट कुठे याचा पत्ता नाही. बाजारात जाणाऱ्या बाईची मासळी इथेच वास मारायला लागायची. पोरांना शाळेत रोज उशीर, आणि मास्तरांना रोज तेच कारण. लोक म्हणायचे, आमच्या गावात दोनच ऋतू. गाडी आलेली, आणि गाडी येणार. कोळसा इथून जातो, दिवे तिकडे लागतात, आणि रात्री वीज जाते ती आमची. अर्ज केले. साहेब आले, फीत धरून रस्ता मोजला, दामहुरीकडे कॉफी प्यायले आणि गेले. मग लोक खालून जायला शिकले. म्हातारी माणसंसुद्धा. काठी मारणारा आता होता कुठे?

लिस्मा पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली. नर्सबाईंनी आधीच बजावलं होतं, "मूल पायांकडून आहे. कळा सुरू झाल्या की घरी एक क्षण थांबू नका." आरोग्यकेंद्र रुळांच्या पलीकडे, मशिदीच्या मागे.

शाबान महिन्याची पौर्णिमा होती, गुरुवारची रात्र. पलीकडे मशिदीत सगळं गाव कुराणातलं यासीन म्हणायला जमलेलं, तो आवाज वाऱ्यावर अलीकडे येत होता. लिस्माने भिंत धरली आणि आईला म्हणाली, "उमाक... आता."

हेरियानने मोटारसायकल काढली. पुढे तो, मध्ये लिस्मा, मागून तिला धरून आई. उतार, केळीची बाग, वळण. आणि वळणावर हेरियानने ब्रेक दाबला.

गाडी उभी होती.

चांदण्यात वाघिणीच वाघिणी. डावीकडे टोक नाही, उजवीकडे टोक नाही.

"हलेल आत्ता," रोहाया म्हणाली.

गाडी हलली नाही. हेरियान रुळांच्या कडेकडेने इंजिनाकडे पळाला आणि धापा टाकत परत आला. दूरवर दिवासुद्धा दिसत नव्हता. त्याने नर्सबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सगळं तयार आहे, या लवकर. या लवकर! जणू हा मजेत उभा होता.

"आमच्याच गावातून जायचं नि आम्हालाच अडवायचं!" त्याने वाघिणीवर लाथ मारली. "कुणाच्या घरात दिवे लागावेत म्हणून माझ्या बायकोने इथे तडफडायचं?"

"लाथेने नाही हलत ती, बाळा."

"मग कशाने हलते, उमाक? तुमच्या कॉफीने?"

लिस्माच दात आवळून हसल्यासारखं करत म्हणाली, "तुमच्या नातवंडाला गाडी बघायची असेल..." आणि तिला पुढची कळ आली. या खेपेला ती ओरडली.

मशिदीतला आवाज थांबला होता. रोहायाने किती दुआ केल्या, तिलाच ठाऊक. गाडी जागची हलत नव्हती. तिला आयुष्यात कधी आला नव्हता असा राग आला. गाडीचा, रेल्वेचा, फीत घेऊन आलेल्या त्या साहेबांचा. आणि मेलेल्या सारनुबीचासुद्धा. जायची एवढी काय घाई होती?

"खालून जाऊ," हेरियान म्हणाला. "मी आधी जातो, तिला ओढून घेतो. तुम्ही मागून आधार द्या."

"नको रे."

"मग काय करू? इथे मरू देऊ?"

रोहायाने लेकीच्या काखेत हात घातला. हेरियान खडीवर गुडघे टेकून वाकला. त्याने एक हात रुळावर ठेवला.

पलीकडे उजेड होता.

चाकांच्या मधून दिसत होता. लालसर. जमिनीलगत.

"कोण आहे?" हेरियान ओरडला. "अहो, बाईमाणूस अडलंय! हात द्या जरा!"



उजेड हलला. डावीकडे... उजवीकडे. पुन्हा डावीकडे... उजवीकडे. संथ. जणू कुणी नाही म्हणतंय.

"बाजूला हो, मी येतोय!"

तो आणखी पुढे सरकला. डोकं वाघिणीखाली.

टक्.

रुळावर काठी आपटली. पलीकडून. त्याच्या बोटांपासून वीतभर.

हेरियान थांबला.

टक्. टक्.

रोहाया खाली वाकली. चाकामागे तिला दोन गमबूट दिसले. चिखलाने माखलेले. त्यांच्यावर चांदणं पडलं होतं. डाव्या बुटाला ठिगळ होतं. काळं... चौकोनी... सायकलच्या ट्यूबचं.



तिने लेकीला सोडलं. जावयाचा शर्ट धरला. आणि सगळा जोर एकवटून ओढलं.

तो उताणा पडला. "उमाक, तुम्हाला वेड..."

तेवढ्यात दुरून आवाज आला. खण्. खण्. खण्. एका वाघिणीतून दुसरीत. दुसरीतून तिसरीत. जवळ... जवळ... शिट्टी नाही. वाजली असली तर पुढे कुठेतरी, कोसभरावर.

समोरचं चाक फिरलं.

जिथे त्याचा हात होता, तिथून.

गाडी जाऊ लागली. वाघिणींच्या फटींतून तो लाल उजेड दिसत राहिला. दिसायचा... झाकायचा. दिसायचा... झाकायचा. जागच्या जागी. शेवटची वाघीण गेली.

रस्ता मोकळा होता. पलीकडे कुणीही नव्हतं.

दामहुरी वाक इथे थांबतो. त्या रात्रीही थांबला. त्याने ग्लास पुसायला घेतला.

"आणि बाळ?" जोनलीने विचारलं.

"मुलगी. पायाळू. आता शाळेत जाते, नि गाडी आली की कानावर हात ठेवून खदाखदा हसते. नर्सबाई म्हणाल्या होत्या, अगदी वेळेत आलात."

"मग तो...?"

"दुसऱ्या दिवशी रोहाया घरी आली," दामहुरी म्हणाला. "आली ती सरळ फळीपाशी. थर्मास काढला. मी तिला रस्त्यात विचारलं, युक, अगं ताई, कुणासाठी? तर म्हणते, दामहुरी, मी नवस बोलले होते, तो उभा आहे तोवर. इमामसाहेबांनी चांगल्या मनाने सांगितलं, पण त्यांना काय माहीत? तो कुठे हललाय? नवस मोडला तो मीच."

"पुढे?"

"भरलेला कप खुंटावर ठेवून आली. सकाळी गेली, तर कप पालथा. वर कोळशाचा खडा."

जोनलीचा एक जोडीदार हसला. "कुणीही प्यायला असेल, वाक. फुकटची कॉफी!"

"मीपण हेच म्हटलं. म्हणून एक रात्र इथेच बसलो. डोळ्याला डोळा लावला नाही. खुंट समोरच. तो बघ, तिथे."

"काय दिसलं?"

दामहुरीने ग्लास उलटा ठेवला. दुकानाबाहेर गाडी अजून उभीच होती, काळी, गुपचूप.

"गाडी आली," तो म्हणाला. "गेली."

"...आणि कप?"

"पालथा."

दामहुरीने फळीखालून रंगाचा एक जुना डबा काढला. त्यात नाणी नव्हती. काठोकाठ कोळशाचे खडे होते. रोहायाने एकही फेकला नव्हता.

"तिचे गुडघे आता साथ देत नाहीत," तो म्हणाला. "आज लेकीकडे राहिलीय. जाताना थर्मास नि हा डबा माझ्याकडे देऊन गेली. म्हणाली, इथे जो जो थांबेल त्याला माझ्यातर्फे एवढंच सांग. रागवा, शिव्या द्या, गाडीला हवं ते बोला, मीही बोलले होते. पण माझ्यासारखा एक नवस बोला, की खालून जाणार नाही. अल्लाह सगळ्यांना वेळेत पलीकडे नेईल."

त्याने थर्मासचं झाकण काढलं. वाफेबरोबर सेमेंदोच्या कॉफीचा वास दुकानभर पसरला. त्याने कप भरला आणि जोनलीसमोर ठेवला. जोनलीने उचलला, तसं दामहुरीने त्याचं मनगट धरलं.

"हा तुझा नाही, बाळा. तो खुंटावर ठेवून ये. आणि सकाळी उचलायलाही तूच ये... वरचा खडा तेवढा फेकू नकोस."