ओठांनी वाचणारी

भुरभुर पाऊस लागला म्हणून सबिना बारामतीच्या एसटी स्टँडमागच्या हॉलमध्ये शिरली. हातात केकच्या खोक्यांचा गठ्ठा, ओली ओढणी खांद्याला चिकटलेली, आणि कळंबच्या गाडीला अजून वेळ होता. आत पुस्तकांचं प्रदर्शन भरलं होतं. पावसानं आत ढकललेली माणसं पुस्तकांपेक्षा दाराबाहेरच जास्त बघत होती.

कळंबात तिच्या अब्बांची, युनूसभाईंची बेकरी होती. दर मंगळवारी बारामतीहून खोकी, इसेन्स, बटर पेपर आणायचं काम सबिनाकडं. पुस्तकांचं वेड तिला लहानपणापासूनचं, पण ते तिनं चोरीच्या मालासारखं लपवून ठेवलं होतं. कारण तिला मनातल्या मनात वाचता यायचं नाही. म्हणजे यायचं... पण तसं वाचलेलं आत उतरायचं नाही. ओळीखाली बोट धरायचं, ओठ हलवायचे, सासू बोलली की सासूचा आवाज, पोर बोललं की पोराचा, तेव्हा कुठं गोष्ट डोळ्यांपुढं उभी राहायची. नववीत बाईंनी तिला तसंच उभं करून सगळ्या वर्गाला दाखवलं होतं, ही बघा, अजून पहिलीतच आहे. त्या दिवसापासून तिचं नाव ‘पुटपुटी’ पडलं. नाव शाळेबरोबर सुटलं, लाज सुटली नाही. आता ती बेकरीच्या मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांआड बसून वाचायची, तेही पीठ मळायचं मशीन घरघरत असेल तेव्हाच.

हॉलच्या टोकाला, पाककृतींच्या पुस्तकांपलीकडं कुणी नव्हतं. तिनं एक कादंबरी उचलली. तीत एक नर्स होती आणि तिच्यावर रुसलेला एक एसटी ड्रायव्हर. सबिनानं खोकी खाली ठेवली, इकडंतिकडं पाहिलं, आणि बोट आपोआप ओळीखाली गेलं. हळूहळू पाऊस ऐकू येईनासा झाला. ड्रायव्हर घोगऱ्या आवाजात नर्सला म्हणाला, गाडी सुटायचीच आहे, काय बोलायचं ते आत्ता बोला... आणि सबिना पान उलटायला थांबली.

"मग... बोलली का ती?"

आवाज टेबलाखालून आला होता. पलीकडं जमिनीवर एक तरुण पुस्तकांचं खोकं फोडत बसला होता. कात्री हातात तशीच उघडी. त्यानं सगळं ऐकलं होतं, घोगऱ्या आवाजासकट.

सबिनाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पुस्तक उलटंच टाकून ती पावसात बाहेर पडली आणि कळंबच्या गाडीत मिळाली त्या सीटवर जाऊन बसली. गाडी हलणार तोच तो खिडकीखाली आला, डोक्यावरून पाणी निथळतंय आणि छातीशी तिची खोकी.

"राहिली होती तुमची," तो म्हणाला. मग जरा थांबून, "ड्रायव्हर लई झ्याक बोलत होता."

तिनं खोकी घेतली, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. कळंबपर्यंत तिनं कपाळ गजाला टेकून ठेवलं होतं.

पुढच्या मंगळवारी हॉलकडं फिरकायचं नाही असं तिनं ठरवलं. पण नर्स बोलली की नाही हे तिलाही माहीत नव्हतं... आणि ते विचारणारं कुणीतरी तिची खोकी घेऊन पावसात धावलं होतं, हेही विसरता येत नव्हतं. ती गेली. टेबलावर पुस्तक नव्हतं. तो तरुण काउंटरमागून आला आणि त्यानं ते तिच्या हातात ठेवलं. दुसरं कुणी नेऊ नये म्हणून त्यानं बाजूला काढलं होतं. त्याचं नाव अबरार, गाव सुपे. प्रदर्शनाबरोबर गावोगाव फिरून विक्री बघणं हे त्याचं काम, पावसाळाभर मुक्काम बारामतीत. त्यानं चाचरत विचारलं, पुढचं वाचून दाखवाल का.

"हसायला?" सबिनानं विचारलं.

"हसलो ना त्या दिवशी. ड्रायव्हर चिखलात घसरला तवा." तो खोक्यावर बसला आणि तिच्याकडं पाठ केली. "आता वाचा. मी बघत न्हाय."

ती पाठ बघून तिला हसू आलं. कॉलरजवळ बारीक धूळ बसली होती, कान मात्र तिच्याकडं लागलेले. तिनं वाचलं. आधी चोरट्या आवाजात, मग नर्सच्या, मग ड्रायव्हरच्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक तुरळक. मंगळवारामागून मंगळवार गेले. ती घरून नानकटाई आणू लागली, तो चहा सांगू लागला. एकदा नर्सनं ड्रायव्हरचा हात हातात घेतला, तेव्हा सबिनानं तीच ओळ दोनदा वाचली आणि पाठमोरा अबरार उगाच खोकला. आणि एका मंगळवारी वाचता वाचता तिच्या लक्षात आलं, की तो कधीचा तोंड वळवून बसलाय, आणि आपण थांबलो नाही. तिचं बोट ओळीवरून तसंच सरकत राहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणासमोर लाज वाटली नव्हती.

चार दिवसांनी शेजारची निकिता मोबाईल घेऊन बेकरीत आली. प्रदर्शनाच्या फेसबुक पानावर व्हिडिओ होता. सबिना, तिचं बोट, तिचे ओठ, तिचा ड्रायव्हरचा आवाज. वर लिहिलं होतं, ‘वाचन असं असतं’. खाली लोकांनी लिहिलं होतं, पहिलीचा वर्ग भरला वाटतं. कुणी लिहिलं होतं, अंगात आलंय. हसणारी तोंडं मोजवत नव्हती. निकिताला वाईट वाटत होतं, पण तिलाही हसू आवरत नव्हतं.

दोन दिवसांत गावभर झालं. खारी घ्यायला आलेले बापे ओठ हलवून पाव किलो मागू लागले. सबिना खाली बघून वजन करायची. युनूसभाईंनी व्हिडिओ पाहिला, मोबाईल परत दिला आणि एवढंच विचारलं, "बेटा, हे तू कुणासमोर वाचत होतीस?"

अब्बा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त बारामतीच्या व्यापाऱ्याला फोन केला, आणि त्यानंतर खोकी टेम्पोनं येऊ लागली. सबिनाचा मंगळवार संपला. घरातल्या पुस्तकांनाही तिनं हात लावला नाही. अबरारचे फोन येत राहिले, तिनं उचलले नाहीत. व्हिडिओ त्यानं पानावरून हटवला होता. पण तोवर तो कुणाकुणाच्या मोबाईलवर गेला होता.

एका दुपारी तो बेकरीसमोर येऊन उभा राहिला. हातात ती कादंबरी. दाढी वाढलेली, डोळे जमिनीवर. सबिना भट्टीच्या दाराशी ट्रे घेऊन तशीच थबकली.

अबरार आधी तिच्याकडं गेलाच नाही. तो काउंटरशी गेला आणि युनूसभाईंना म्हणाला, "चाचा, मी अबरार. तो व्हिडिओ मी टाकला. तिला ईचारलं न्हाय. तिची काय चूक न्हाय, सगळी माझी हाय."

युनूसभाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. मग फडकं घेऊन ते काउंटरची काच पुसू लागले.

"मला सांगून काय उपेग," ते म्हणाले. "तिला सांग. मी हितंच हाय."

सबिनानं ट्रे खाली ठेवला. काय काय बोलायचं हे तिनं किती रात्री घोकलं होतं, पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"लोक हसले त्याचं न्हाय वाटलं मला. लोक हसतातच. पण एकाच ठिकाणी मी लाज सोडली होती... तितंच तुमी मोबाईल धरला."

त्याचा चेहरा उतरला.

"मला वाटलं, माझ्यासारखंच सगळ्यांना आवडंल," तो हळू म्हणाला. "लई आवडलं की माणूस येडं होतं... ईचारायचं भानच राहिलं न्हाय." मग त्यानं मान आणखी खाली घातली. "एक सांगायचं राहिलं. मी पुस्तकं विकतो, पण एकबी पुस्तक पुरं वाचलेलं न्हाय. मागचं पान वाचून गिऱ्हाइकाला सांगतो. दोन पानं झाली की अक्षरं पळत्यात. ह्या गोष्टीतलं जेवढं ठाऊक हाय, तेवढं तुमच्या तोंडून. शेवट अजून कळलेला न्हाय."

सबिनानं त्याच्याकडं पाहिलं. पुस्तकवाला म्हणून ती मनातून त्याच्यासमोर जरा दबूनच होती.

"तुमी वाचा मग," ती म्हणाली. "मोठ्यानं. हितं, दुकानात."

तिला त्याची फजिती करायची होती, खरंच करायची होती. तो बाकावर बसला. युनूसभाई आत पाव बघायला गेले. टोस्ट घ्यायला आलेल्या दोघी बाया थांबून बघू लागल्या. अबरारनं पान उघडलं आणि अडखळत सुरुवात केली. एक शब्द चुकला, एक ओळ गळली. पुन्हा मागं आला. कपाळावर घाम, कान लालबुंद. बाया तोंडाला पदर लावून हसत गेल्या. तरी तो थांबला नाही. तेव्हा सबिनाच पुढं झाली. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि तिनं त्याच्या ओळीखाली आपलं बोट धरलं.

त्या बोटामागून तो सावकाश चालू लागला. नर्स, ड्रायव्हर, डेपोतली संध्याकाळ...

"माझ्या अम्मीला सुप्याहून तुमच्या घरी पाठवलं... तर चालंल का," त्यानं वाचलं.

सबिनाचं बोट थांबलं. मागं गेलं, पुढं गेलं. ती ओळ सापडेना.

"हे कुठं लिव्हलंय?" तिनं विचारलं.

"लिव्हलेलं न्हाय," अबरार म्हणाला. तो पानातच बघत होता.

आत भट्टीचं दार वाजलं. सबिनाची नजर खाली गेली, ओठ हलले, पण आवाज आला नाही. काय बोलतेय ते त्याला कळेना. तेव्हा तिनं तेच पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं.

"शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. शुक्रवारी या म्हणावं."