तिसऱ्या ओळीतल्या केळी

“ओ मिस्टर! टँकर कमी पडले म्हणून आता बाटल्यांनी पाणी पळवताय?”

वटार गावातल्या केळीच्या वाडीत विहिरीवर ओणवा झालेला तो तरुण असा काही दचकला, की दोरीसकट बाटली विहिरीत पडली. स्वप्नाली कमरेवर हात ठेवून उभीच. टँकरवाल्यांनी विहिरी उपसून उपसून खाडीचं खारं पाणी जमिनीत ओढलं होतं. तेव्हापासून विहिरीपाशी अनोळखी माणूस दिसला, की तिचं डोकं फिरायचं. आणि का नाही फिरणार?

“पाणी तपासायला आलोय... मी सुमेध, शेती संशोधन केंद्रातून. तुमच्या बाबांनीच बोलावलंय. मीठ वाढलंय पाण्यात.”

“हे कळायला संशोधन लागतं? आमच्याकडचा चहा पिऊन बघा!”

“पाजा ना,” तो म्हणाला आणि हसला. हसताना डोळे मिटायचे त्याचे. तिला आणखीच राग आला. राहतो कुठे, तर बोळिंजच्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर! म्हणजे टँकरने नेलेलं आमच्याच विहिरीचं पाणी पिऊन वर आम्हालाच शिकवतो. तेही तिने ऐकवलं. चहा मात्र दिला.

वाडीवर एका लग्नाच्या हॉलवाल्याचा डोळा होता. या पाण्यावर केळी जगतील की नाही, ते दिवाळीपर्यंत कळलं नाही तर वाडी त्याला देऊन टाकायची, असं स्वप्नालीच्या बाबांनी, हरेश्वरने, ठरवून टाकलं होतं. सुमेधने राजेळी केळीच्या तीन ओळी लावल्या. दोन ओळींना प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंचं पाणी. त्यांच्यामुळे मुळांना मीठ सोसतं, असा त्याचा अंदाज. तिसरीला नुसतं विहिरीचं.

दर शनिवारी तो पानं मोजायला यायचा. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या.

“नीट धर.”

“धरलीय! तुझं लक्ष कुठंय?”

“टेपकडे...”

“टेप खाली आहे, सुमेध.”

कानापर्यंत लाल व्हायचा बिचारा! आणि शुक्रवारपासूनच स्वप्नाली उगाच आरशासमोर घुटमळायची.

भाद्रपदातल्या एका शनिवारी मात्र तो तिसऱ्या ओळीपुढे मटकन खालीच बसला.

“संपलं सगळं. नुसत्या पाण्यावरची ओळच जास्त हिरवी आहे. माझ्या जिवाणूंचा काही उपयोग नाही. बाबांना सांगावं लागेल.”

“नुसत्या पाण्यावरची? कोण म्हणतं? शेणखत घालते मी तिला! मासळीचं पाणीसुद्धा!”

“काय?”

“मग! दोघींना वाढायचं आणि तिसरीचं पान कोरडं? असला पंक्तिप्रपंच नाही चालत आमच्या घरी!”

“अगं, ती कोरडीच ठेवायची होती! तिच्याशी तुलना केली, तरच कळणार ना औषधाने फरक पडला की नाही? बाबांना सगळं समजावलं होतं मी!”

“बाबांना?” आता मात्र स्वप्नालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बाबा दिवसभर दुकानात! वाडीत राबतं कोण? टेप धरायला मी, आणि समजावायला बाबा?”

“चुकलं माझं,” तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात तिला हॉलवाला आठवला. आपल्याच हाताने आपण काय करून बसलो! “मग सांगून टाक ना, औषध लागू पडलं म्हणून! केळी जगल्यात, दिसतायत. कोणाला कळणारेय?”

“मला कळेल ना. आणि पुढे बाग जळून गेली, तर रडायची वेळ तुझ्यावर येईल. मला माहीत नाही, तर माहीत नाही असंच सांगणार मी.”

वाडी चाललीय आणि ह्याला खरेपणाचं पडलंय! दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं तिला. पण टँकरवाला गोड बोलला होता, “विहिरीला काय होत नाय.” हॉलवालाही गोडच बोलला होता, “झाडं तशीच ठेवू.” स्वतःच्या तोट्याचं बोलणारा या वाडीत हाच पहिला. तिने त्याचं मनगट पकडलं आणि त्याला ओढतच घराच्या दारात नेलं.

हरेश्वर नुकताच दुकानातून आला होता.

“बाबा, हॉलवाल्याला नाही म्हणून सांगा. प्रयोग फसला. चूक ह्याची, आणि माझीही. सगळं पुन्हा लावायचंय, नीट. अजून एक वर्ष द्या!”

हरेश्वरने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या मुठीतल्या मनगटाकडे.

“पानी खारं, हाती काय नाय, नि वर अजून एक वरीस. कोनाला देऊ? केळींना का ह्याला?”

“दोघांना!” ती ओरडली.

हरेश्वर खाकरला, फोन घेऊन अंगणात गेला. “नाय ओ शेट, यंदा नाय जमत,” बाहेरून आवाज आला.

आपण काय बोललो, ते स्वप्नालीला आत्ता कळलं. तिने मनगट सोडलं, तर त्यानेच तिचा हात धरला.

“केळींना एक वर्ष पुरेल. मला... मला नाही पुरायचं, स्वप्नाली.”

“मग किती हवीत?”

“तू देशील तेवढी. सगळी दिलीस, तर सगळी.”

तिने रागवायला तोंड उघडलं, पण राग काही येईना. “असं... असं विचारतात का कोणी? दारात उभं राहून?”

“मग कुठे विचारू?”

“आधी आत ये,” ती म्हणाली, “आणि हात सोडलास ना, तर बघ!”