वहीबाहेरचा गॅस

त्या दुपारी माझ्या पदरात पडण्यासारखं होतं ते अर्धा किलो आम्रखंड. अरेरा कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या बायका आईकडे यायच्या होत्या, म्हणून तिनं मला डेअरीत पिटाळलं होतं. नवरा वगैरे माझ्या यादीत नव्हता.

डेअरीचा मोठा फ्रीज भिंतीपासून ओढलेला होता. त्याच्यामागून फक्त दोन बूट दिसत होते. आणि मग… फुस्स!

"अहो, किती सोडलात?" मी ओरडले.

बुटांच्या वर एक चेहरा उगवला. कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि डोळे… डोळ्यांचं असू दे.

"काय मॅडम?"

"गॅस! किती सोडलात हवेत?"

"तो तर आधीच पळून गेला होता. मी नवा भरतोय. पाइप काढताना चिमूटभर निघतोच." मग हसून, "तुम्ही पोलीसवाल्या आहात?"

"संशोधक आहे."

"मग तर पोलीस बरे!"

त्यानं कानामागची पेन्सिल काढली आणि लांबट वहीत लिहिलं: तारीख, दुकान, गॅस, किलो. माझं काळीज धडधडलं. वही बघून हं, उगाच गैरसमज नको.

"हे किती वर्षांपासून लिहिता?"

"बाबा लिहायचे. एक्क्याण्णवपासून. सगळ्या वह्या पडल्यात गोविंदपुऱ्यात, आमच्या वर्कशॉपमधे."

ही दोन हजार अठराची गोष्ट. आपल्या देशाचं अन्न शेतातून ताटात येईपर्यंत हवेत किती वायू सोडतं आणि ते वर्षागणिक कसं वाढलं, याचा आलेख आमची संस्था काढत होती. भात, गुरं, खतं, ट्रक, चुली… सगळं वाटून झालं होतं. माझ्या वाट्याला गारवा आला होता: फ्रीज, शीतगृहं, दुधाचे टँकर. त्यांतला गॅस गळला की एकेक किलो हजारो किलो कार्बन डायऑक्साइडला भारी पडतो. पण जुनी वर्षं कोरी होती. ती भरून ऑक्टोबरअखेर प्रबंधाचं प्रकरण दिलं, तर नेदरलँड्सची शिष्यवृत्ती नक्की होती.

दर शनिवारी मी गोविंदपुऱ्यात जाऊ लागले. मुळ्ये कुटुंब मूळचं ग्वाल्हेरचं. बुटांच्या वरचा तो चेहरा, म्हणजे शैलेंद्र, वाचायचा, मी लॅपटॉपवर टिपायचे. पत्र्यावर भादव्याचा पाऊस पडत असायचा, आणि दाराशी खुर्ची टाकून त्याचे वडील, सुभाषकाका.

"योगिनी बेटा, आमच्या वह्या पक्क्या आहेत. अख्ख्या गोविंदपुऱ्यात विचार," काका रोज सांगायचे.

"तुम्ही आधी पोहे खाऊन घ्या," शैलेंद्र मला म्हणायचा.

"‘खाऊन घ्या’ नाही. नुसतं ‘खा’."

"खा तर मी मांजरीला बोलतो."

एकदा नव्या शीतखोलीची चाचणी चालली होती. दार उघडलं आणि धुकं बाहेर लोटलं, थेट माझ्या केसांत. मी कुडकुडले. त्यानं आपलं जॅकेट माझ्या खांद्यावर टाकलं. त्याला तेलाचा आणि लवंगेचा वास होता. मी ते परत करायला दर शनिवारी विसरले. मुद्दाम.

माझा आलेख देखणा होत होता. पहिली बारा-तेरा वर्षं रेघ अगदी खाली, मग चढलेली. जुनी मंडळी गॅस जपून वापरायची, असं सरळ दिसत होतं. मार्गदर्शक सरांनी पाठ थोपटली. ऑक्टोबरचे दहा दिवस उरले होते.

त्या शनिवारी शैलेंद्रनं वाचता वाचता वही मिटली आणि स्क्रीनकडे पाहिलं.

"काय झालं?"

"ही रेघ… खोटी आहे."

"वही तर पक्की आहे ना?"

"पक्कीच आहे. पण बाबा फक्त मशीनमधे गेलेला गॅस लिहायचे. आधी पाइपातली हवा-ओल काढायला त्यातूनच गॅस बाहेर हवेत सोडायचे. आमच्याकडे हवा ओढणारा पंप आला दोन हजार चारला. तोवर प्रत्येक कामात तसंच. जो मशीनमधे गेलाच नाही, तो लिहायचा कशाला?"

म्हणजे तेरा वर्षांचे आकडे पुन्हा. म्हणजे ऑक्टोबर गेला. नेदरलँड्स गेलं.

मी चिडले. "आत्ता आठवलं? का मी इथेच थांबावं असं वाटतंय तुम्हाला?"

"वाटतं," तो म्हणाला. खाली बघून, पण स्पष्ट. "रोज वाटतं. म्हणूनच दोन शनिवार तोंड उघडलं नाही. तुम्हाला हेच वाटेल, हे माहीत होतं."

मी आलेख पुन्हा पहिल्या वर्षावर नेला.

"खरं काय ते कोण सांगणार?" मी विचारलं.

दारातली खुर्ची सरकली. काकांनी सगळं ऐकलं होतं.

"मी सांगतो," ते म्हणाले. मुलाकडे पाहिलं नाही. माझ्यासमोर येऊन बसले. "लिही, बेटा. छोट्या फ्रीजला पाव किलो. शीतगृहाला दोन, कधी तीन. पंच्याण्णव साली सर्वांत जास्त…"

अडीच तास सांगत होते. त्यांनी सांगितलेले आकडे भरून रेघ वर सरकली, तेव्हा त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"एवढी माझ्यामुळे?"

"तेव्हा सगळेच करायचे, काका."

"सगळ्यांच्या वह्या नव्हत्या." बोट तसंच ठेवून म्हणाले, "माझं नाव पूर्ण लिही. सुभाष गोविंद मुळ्ये. कुणी म्हणायला नको, हवेतून आकडा काढला म्हणून."

प्रकरण पुढच्या वर्षी गेलं. त्याआधी, एका शनिवारी, मी शैलेंद्रला विचारलं, "आता वह्या संपल्या. मी कशाला येऊ?"

"जॅकेट राहिलंय तुझ्याकडे," तो म्हणाला. पहिल्यांदाच ‘तुझ्याकडे’.

"ते देणार नाही."

"मग त्याच्यासोबत तूच येऊन जा… कायमची."

काका गेले त्याला दोन वर्षं झाली. आता कुणी काय मोजलं ते सांगते. माझं नेदरलँड्स गेलं, त्याची आठवण मी फक्त भांडताना काढते. शैलेंद्रचं काहीच गेलं नाही, तो निव्वळ फायद्यात. किंमत मोजली ती सुभाषकाकांनी. माझ्या प्रबंधातल्या तळटिपेत त्यांचं पूर्ण नाव आहे, आणि त्यापुढे: ‘नोंद न केलेली गळती.’ त्या दिवसानंतर वह्या पक्क्या आहेत असं ते कधी म्हणाले नाहीत.