आपल्या वाटणीची गोळी

"ह्या न्हाव्याला रक्त काढल्याशिवाय दाढीच करता येत नाही! पुन्हा पाय ठेवणार नाही ह्या सलूनात!" त्र्यंबकराव आरशाकडे बघत पुटपुटले.

न्हावी म्हणजे त्यांची बायको, सुहासिनी. इतक्या वर्षांच्या संसारानंतर, ते सगळं विसरू लागल्यापासून, ती कधी सिस्टर, कधी शेजारीण आणि दाढीपुरती न्हावी झाली होती, आणि निदान रोज नवी ओळख तरी होते म्हणून हसतही होती... पण आज गालावरचा तो एवढासा ओरखडा तुरटी फिरवली, कापूस दाबला तरी थांबेना, आणि ती घाबरून ओरडली!

वर्तकनगरच्या त्या घरात दिवाळीपासून सासू-सुनेचा अबोला होता. सून कादंबरी विस्मृतीच्या आजारावर संशोधन करायची. मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनावर रक्त पातळ करणारी औषधं उपयोगी पडतील का, हे उंदरांवर तपासायची. "उंदरांना देतेस, सासऱ्याला नाही?" सुहासिनीनं विचारलं होतं. "माणसांत अजून सिद्ध नाही, आई. बाबांच्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो," एवढंच ती म्हणाली, आणि दगडाच्या काळजाची ठरली!

"सोडा, मी धरते." कादंबरी धावत आली. कापूस दाबता दाबता तिनं सासऱ्यांची बाही वर सारली... दंडभर जांभळे डाग! "आई, तुमच्या हृदयातल्या कृत्रिम व्हॉल्व्हसाठीची गोळी कोण घेतंय?"

सुहासिनीची मान खाली गेली. "वरणातून... ह्यांना देते. रक्त पातळ करायचीच आहे ना ती? माझं काय गं, मी चालतेबोलते..."

"तुमच्या व्हॉल्व्हवर गुठळी धरली असती म्हणजे! तुम्ही दोघंही गेला असतात!" कादंबरी ओरडली, आणि ओरडता ओरडता हुंदके देऊ लागली.

संध्याकाळी हॉस्पिटलात कळलं, डोक्यात रक्तस्राव नव्हता. सुहासिनीचंही रक्त तपासून तिची गोळी पुन्हा सुरू झाली. पाण्याचा ग्लास कादंबरीनंच धरला.

"उंदरांच्या पिंजऱ्यात हात घालते ना, तेव्हा रोज बाबाच दिसतात हो... त्यांना औषध द्यावंसं मला नाही का वाटलं?"

त्या मुलीनं हा मोह एकटीनं, निमूट, रोज गिळला होता! सुहासिनीला आपल्या बोलण्याची लाज वाटली, आणि सुनेबद्दल असा अभिमान दाटून आला की डोळे भरून वाहिले.

"सिस्टर, घरी कधी सोडणार?" पलंगावरून त्र्यंबकरावांनी विचारलं.

"उद्या हं," म्हणत सुहासिनीनं त्यांची चादर सारखी केली, मग कादंबरीचा हात दोन्ही हातांत घेतला.

"उद्या तू लॅबला जा. दुसऱ्या कुणाच्या घरी तरी वेळेत पोचू दे तुझं औषध... हे आता बरे होणार नाहीत गं."