वाचनतास

गावाच्या वाचनालयाला शंभर वर्षं होत आली, तेव्हा त्याचा इतिहास लिहायचं काम शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंकडे आलं. बाईंना बरंच वाटलं. छत्तीस वर्षं भरल्या वर्गापुढे बोलण्यात गेली होती, आणि आता घरात त्यांचं धड कुणी ऐकत नव्हतं. सून भाजी चिरता चिरता नुसती 'हं, हं' करायची, मुलगा तर तेवढंही करत नसे.

वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, ग्रंथपालांनी त्यांना मागचं दालन उघडून दिलं. आभाळ भरून आलं होतं. दालनात लांब लाकडी बाक ओळीने मांडलेले होते, समोर एक टेबल, आणि सगळीकडे ओल्या चुन्याचा वास. जुनी इतिवृत्तं आणि एक जाड कादंबरी टेबलावर ठेवून ग्रंथपाल दारापर्यंत गेले आणि थांबले.

"बाई, इथे जे वाचायचं ते मनातल्या मनात वाचा," ते म्हणाले आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले.

इतिवृत्तात सगळं सरळ लिहिलं होतं. पहिल्या काही वर्षांत इथे रोज वाचनतास भरायचा. सूतगिरणीची पहिली पाळी सुटली की अक्षरओळख नसलेले कामगार, बाया-माणसं, या बाकांवर येऊन बसत आणि तेव्हाचे ग्रंथपाल त्यांना कादंबरी वाचून दाखवत. अशाच एका पावसाळी दुपारी ग्रंथपालांना कुणीतरी दारातून हाक मारली. पुस्तक उघडंच ठेवून ते बाहेर गेले, आणि त्यांच्या पाठीमागे छत कोसळलं. ऐकणाऱ्यांपैकी एकही वाचला नाही. छत नवं बांधलं, बाक दुरुस्त केले. खाली ठराव होता : सदर पुस्तक या दालनात मोठ्याने वाचू नये.

बाईंना वाईट वाटलं. ती कादंबरी त्यांनी उघडली. एका पानावर चुन्याची भुकटी अजून चिकटून होती. होडी चालवणारा एक माणूस पुरात पलीकडे अडकलेल्यांना आणायला निघतो, घरी बायको दार उघडं ठेवून बसते... बाई वाचत गेल्या. शिक्षकाची सवय, ओठ हलले, आणि कधी आवाज फुटला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

दोन पानं झाली असतील. मागच्या बाकाने कुरकुर केली. मग पुढच्याने. कुणी शेजारच्याला जागा करून द्यावी तशी. हवेत कापसाचा आणि घामाचा वास आला. बाक रिकामेच होते. बाई थांबल्या.

"पुढे...?" कुणीतरी हळूच विचारलं.

उठून पळावं असं बाईंना वाटलं. पण खरं सांगायचं तर, इतकी शांतता त्यांना कितीतरी दिवसांत कुणी दिली नव्हती. त्या वाचत राहिल्या. उजेड कमी होत गेला, अक्षरं पुसट होत गेली, आणि एके ठिकाणी पानंच संपली. शेवटची पानं कुणीतरी फाडून नेली होती.

"पुढची पानं नाहीत," बाई म्हणाल्या.

कुणी हललं नाही. शेवटी बाईंनीच धीर करून शेवट रचला. पूर ओसरला, होडी काठाला लागली, तो चिखल तुडवत घरी पोचला, बायकोने त्याला हात धरून आत घेतलं. वर्गातल्या लहानग्यांना सांगावा तसा त्यांनी तो सांगितला.

दालनात एक लांब सुस्कारा फिरला. मग अगदी त्यांच्या खुर्चीजवळून, थकलेल्या बाईमाणसाचा आवाज आला.

"नाही हो बाई... घरी कुणीच पोचलं नाही."

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा पदर घामाने भिजला होता. ग्रंथपालांनी पाण्याचा पेला पुढे केला.

इतिहास लिहून झाला, छापलाही गेला. त्यात वाचनतासाला बाईंनी जेमतेम पाच ओळी दिल्या. पण सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या वाचनालयात जातच राहिल्या. घरी सांगायच्या, अजून थोडं काम उरलंय. दर वेळी नवं पुस्तक न्यायच्या, शेवटचं पान आहे ना ते आधी बघून.

मग एकदा तापाने त्या अंथरुणाला खिळल्या आणि त्यांची एक दुपार चुकली. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल विचारपूस करायला आले. बाईंनी कसंबसं उठून, काल येता आलं नाही म्हणून दिलगिरी व्यक्त केली.

ग्रंथपालांचा हात खिशाकडे गेला. काल दुपारभर ते पुढच्या खोलीत बसून होते. मागच्या दालनाला कुलूप होतं, किल्ली त्यांच्याच खिशात होती.

"पण बाई," ते अगदी हळू म्हणाले, "काल तुमचाच आवाज होता... एकदाही न अडखळता वाचत होतात."