कॉलऱ्याचा मोफत कोर्स

ट्रेनिंग रूममध्ये एकच कॉम्प्युटर धड चालायचा. वॉर्डातली ड्यूटी संपवून, पाय ओढत मी जिना चढले, तर त्याच्यासमोर लॅबवाला बसलेला!

"उठा," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. डोळे माझ्याइतकेच तांबारलेले. "सिस्टर, साथीच्या रोगांचा कोर्स करतोय... धडा अर्ध्यावर आलाय."

"मलाही तोच करायचाय."

"मग भांडताय कशाला? बसा की!" त्याने शेजारची खुर्ची ओढली आणि इयरफोनचं एक टोक माझ्यापुढे धरलं.

जगभरच्या डॉक्टरांनी मिळून बनवलेला तो कोर्स इंटरनेटवर कुणालाही मोफत होता. घरी वहिनी हसायची, "दमून येतेस, आणि वर आणखी अभ्यास?" पण कॉलऱ्याच्या छावणीत जाणारं पथक हॉस्पिटल त्यात पास झालेल्यांतूनच निवडणार होतं. रोजच्या त्याच त्या वॉर्डात मी पार आंबून गेले होते. मला जायचं होतं.

मग रोज संध्याकाळी आम्ही शेजारी बसू लागलो. तो मला प्रश्न विचारायचा.

"जलसंजीवनी?"

"लिटरभर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ."

"आणि चहात साखर?"

"हे कोर्समध्ये नाहीये."

"मला कुठे कोर्ससाठी हवंय..."

मी स्क्रीनकडेच बघत राहिले. कान मात्र गरम झाले.

मी पहिल्या फटक्यात पास झाले. पथकात नावही लागलं. त्याची परीक्षा नंतर होती. धीर द्यायला म्हणून मी डबल ड्यूटी करून त्याच्याजवळ येऊन बसले... आणि जाग आली तेव्हा माझं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. स्क्रीनवर लाल अक्षरं होती – 'वेळ संपली'.

"अहो! परीक्षा?"

"उजव्या हातावर तुम्ही होता. माउस कसा धरणार?"

"डाव्या हाताने!"

"धरला ना. पण क्लिक केलं की तुम्ही दचकायचात. मग सोडून दिला."

माझा संताप संताप झाला. "पथक सोमवारी निघतंय! एवढं रक्त आटवलंत, आणि मला साधं हलवून उठवता आलं नाही?"

"तुम्हाला असं गाढ झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं." तो अवघडलेला खांदा चोळत होता. "आणि मला तरी त्या छावणीची कुठली हौस? तुम्ही निघालात, म्हणून..."

मला रडू फुटलं. दमल्यामुळे असेल, किंवा नसेलही.

"पुढच्या महिन्यात परत असते परीक्षा," मी नाक पुसत म्हटलं.

"आणि परत नापास झालो तर?"

"ऐक –" तोंडून 'ऐक' गेलं आणि आम्ही दोघंही थबकलो. "पास झालास तर तिकडे ये. नाही झालास तर इथेच थांब. छावणी उठली की मी येते."

सोमवारी गाडी सुटताना तो लॅबच्या कोटातच धावत आला. हातमोजे काढायचेही विसरला होता. खिडकीतून मी हात पुढे केला. त्याने घाईघाईने एक मोजा ओढून फेकला, आणि गाडी हलेपर्यंत माझा हात धरून ठेवला.